उधाणाचा आठवडा

बायकोला हे माहीत नाही. आईला अर्धंमुर्धं कळलं होतं, पण ती गेली आणि तिचं अर्धं तिच्याबरोबर गेलं. आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं तिला— थांबा. एकदम तिच्यापर्यंत गेलो तर पुढे माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, मी मला चांगला ओळखतो. जरा लांबून येतो. तुम्हाला घाई नाही ना? मला तर नाहीच. गप्प बसून बसून माणूस थकतो हो, दुसरं काही नाही. आज बोलायचं त्राण आहे म्हणून बोलतो.

गोष्ट ऐकायला अगदीच फुसकी आहे. दोन सॉफ्टवेअर होती. एक फुकट, एक विकतचं. त्यातलं एक निवडायचं होतं. झालं, एवढंच. यात पाप ते काय, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचो. पेणच्या बाजारातून भाजी आणताना, स्टेशनवर रोह्याच्या गाडीची वाट बघताना, अंघोळीचा तांब्या डोक्यावर ओतताना— यात काय एवढं? पण जो माणूस हे स्वतःला पुन्हा पुन्हा विचारतो त्याला उत्तर आधीच माहीत असतं, नाही का?

मी हरेश. पेणच्या पलीकडे, खाडीला लागून आमचं गाव. भाताची खाचरं, थोडी मिठागरं, आणि सगळ्याला कवेत घेऊन उभा असलेला मातीचा बांध. आणि ती, म्हणजे वैशाली, गागोदे बुद्रुकची, डोंगराकडची. तिच्याकडे भात आणि वाल. तिच्याकडे पाणी वरून येतं आणि खाली निघून जातं. आमच्याकडे ते खालूनही वर येतं— दिवसातून दोनदा, खारं. तिला हे पुस्तकात वाचून माहीत होतं. मला ते पायाला माहीत होतं. सगळी गोम इथेच आहे.

रोह्याला एका कंपनीत आम्ही दोघं इन्स्ट्रुमेंट विभागात होतो, एकाच शिफ्टला. जाता-येता गाडीत शेजारी बसून बडबड. तुमच्या मनात आलं असेल ते तसलं काही नव्हतं, उगाच तिकडे जाऊ नका. माझं लग्न झालेलं होतं. ती मला नुसतं हरेश म्हणायची, माझ्या आईला काकी म्हणायची, आणि कामात माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी आज सरळ सांगतोय. तेव्हा कुणी माझा गळा दाबला असता तरी सांगितलं नसतं.

मग दोघांनी नोकरी सोडली आणि पेणला एक खोली घेतली. खाली गणपतीचा कारखाना, वर आम्ही. संगणकाच्या कीबोर्डवर रोज सकाळी मातीचा पातळ थर बसलेला असायचा, तो फुंकायचा आणि कामाला लागायचं. छोट्या-मोठ्या इलेक्ट्रॉनिक पेट्या बनवायचा आमचा धंदा— पंपासाठी, टाकीसाठी. आणि एक पेटी अशी होती की जिच्यासाठीच खरं तर नोकरी सोडली होती. उघाडीवरची पेटी.

उघाडी म्हणजे बांधातलं दार. त्याला लाकडी झडपा असतात. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी झडपा ढकलून खाडीत जातं, भरतीला खाडीचं पाणी त्याच झडपा दाबून बंद करतं. साधं काम. पण झडपेत एखादा ओंडका अडकला, फळी निसटली, की खारं पाणी आत. आणि एकदा खारं पाणी खाचरात साचलं की ती जमीन पुढची दोन-तीन वर्षं भाताला हातही लावू देत नाही. म्हणून गावात पाळी होती. प्रत्येक घराने आपल्या पाळीला भरतीच्या वेळी बांधावर जाऊन उघाडी बघून यायची. ऊन असो, पाऊस असो, घरात पाहुणे असोत. माझ्या लहानपणी आमच्या घराची पाळी आली की मला रडू यायचं.

आमची पेटी ती पाळी करणार होती. आतल्या बाजूला खारं पाणी चढायला लागलं की पेटी गावातल्या चार-पाच घरांचे फोन वाजवणार. वैशालीला कल्पना सांगितली तेव्हा ती गाडीत एवढ्या मोठ्याने "अरे हरेश!" म्हणाली की समोरचा झोपलेला माणूस उठून बसला.

आता ते सॉफ्टवेअर. पेटीत एक चिप असते, तिने काय करायचं ते आपण लिहायचं. ते लिहायला, तपासायला, चिपमध्ये भरायला एक सॉफ्टवेअर लागतं. चिप बनवणारी कंपनी स्वतःचं सॉफ्टवेअर फुकट देते. छान असतं, चालतं, तक्रार नाही— पण ते फक्त तिच्याच चिपांना चालतं. एखाद्या गॅसवाल्याने रेग्युलेटर फुकट द्यावा आणि तो त्याच्याच सिलिंडरला बसावा, तसं. दुसरं मिळतं ते विकतचं. ते कुठल्याही कंपनीच्या चिपला चालतं. आज ही चिप, उद्या ती. चार ओळी बदला, बाकी प्रोग्रॅम तोच.

वैशालीचं म्हणणं सरळ होतं. पेटी गावात जाणार, वर्षानुवर्षं राहणार. चिपवाल्याचा काय भरवसा? उद्या त्याने ती चिप बंद केली तर आपण काय, गावाला रिकामे हात दाखवायचे? विकतचं घेऊ. आत्ता जड जाईल, पण मोकळे राहू. तिने त्या सॉफ्टवेअरची महिन्याभराची चाचणी-आवृत्ती उतरवली, आणि सहज म्हणावं अशा वेळात आमचा प्रोग्रॅम त्यात बसवून दाखवला.

आणि मी? मला फुकटातलंच येत होतं. कंपनीत असल्यापासून तेच वापरलेलं, त्याचे सगळे कानेकोपरे पाठ. त्या विकतच्या सॉफ्टवेअरसमोर बसलो की मला पहिलीत बसवल्यासारखं व्हायचं. वैशाली शेजारून बोट दाखवायची— "इथे नाही रे, तिथे"— अगदी प्रेमाने. ते प्रेमच जास्त लागायचं. एकदा खालच्या कारखान्याचे मालक वर चहाला आले, त्यांनी आम्हाला असं बसलेलं बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे मॅडम शिकवतात आनि हरेश शिकतो, व्हय?" ती हसली. मीही हसलो. मग उरलेला चहा मोरीत ओतून आलो.

पण मला माझं दुखणं असं उघडं थोडीच करता येणार होतं? मी तांत्रिक बोललो. म्हणालो, सगळ्यांना चालणारं जे असतं ते कुणालाच नीट चालत नाही. प्रोग्रॅम जड होतो. बांधावर, चिखलात, बॅटरीवर ते टिकणार नाही. खोटं होतं का हे? थोडं खरंही असू शकलं असतं. म्हणूनच ते मला बोलता आलं.

ती म्हणाली, "मग भांडायचं कशाला, लावून बघू." पेटी तेव्हा एकच तयार होती. एकच पेटी, एकच उघाडी, आधी माझ्या सॉफ्टवेअरने बनवलेला प्रोग्रॅम, मग तिच्या. प्रत्येकी पंधरवडा. ज्याची पेटी उगाच वाजणार नाही आणि बॅटरी कमी खाईल, ते सॉफ्टवेअर घ्यायचं. पंधरवडा हा तिचा शब्द. तिने तो अंदाजानेच घेतला असेल, पण अगदी बरोबर घेतला होता.

आता ऐका. खाडीचं पाणी रोज सारखं नसतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण— पाणी जोरात, उंच, गढूळ, बांधावर आपटणारं. अष्टमीच्या आसपास भांग— पाणी मऊ, येतं आणि जातं, कळतही नाही. कुठल्याही पंधरवड्यात दोन्ही येतात. म्हणजे पंधरवडा लावला असता तर दोघांच्या वाट्याला दोन्ही आली असती. मी म्हणालो, "एवढे दिवस कुठे आहेत? तुझी चाचणी-आवृत्ती संपेल. आठवडा-आठवडा पुरे." तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "तू खाडीचा. तुला जास्त कळतं. चालेल."

तू खाडीचा. तुला जास्त कळतं.

पौर्णिमेचं उधाण मी ओसरू दिलं. ती घाई करत होती, मी वायरिंगची सबब सांगितली. वायरिंग केव्हाच झालं होतं. मग भांग लागता लागता माझा प्रोग्रॅम पेटीत भरून ती उघाडीवर बसवली. आठवडाभर पेटी अशी शांत, की वैशालीने दोनदा जाऊन ती चालू आहे की नाही ते बघितलं. आणि मग तिच्या प्रोग्रॅमची पाळी. तो शिवरात्रीचा दिवस होता.

ती सकाळच्या एसटीने गावात आली. उपवास होता तिचा, आईचाही. आईने रताळी उकडली होती, दोघी ओट्याशी उभ्या राहून खात होत्या. मी पेटी पुसत होतो. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "आज बसवतोस? उद्या अमुश्या हाय ना रं." आईला सॉफ्टवेअर कळत नव्हतं. पाणी कळत होतं. आणि वैशाली हसली. तिला वाटलं, काकी शुभ-अशुभ बघतायत. म्हणाली, "काकी, मी नाही मानत हो असलं काही." आई माझ्याकडे बघत राहिली, की हा आता सांगेल. समजावून सांगेल पोरीला.

मी म्हणालो, "चल गो, ओहोटी आहे तोवर बसवून येऊ."

बस. इथे मला थांबावंसं वाटतं, पण हे सगळ्यात वाईट नाही. सगळ्यात वाईट पुढे आहे.

दुसऱ्या दिवसापासून पेटी वाजायला लागली. वाजणारच. उधाणाच्या लाटा झडपेच्या फटीतून आत उडत होत्या, पाणी ओळखणाऱ्या सेन्सरला ओल लागली की पेटी फोन लावायची. माझा प्रोग्रॅम असता तरी तेच झालं असतं— अक्षरशः तेच, कारण ओळी त्याच होत्या, फक्त सॉफ्टवेअर वेगळं. गावातले लोक दोन दिवस बांधावर धावले, तिसऱ्या दिवशी फोन उचलेनासे झाले. माझा चुलतभाऊ दामूदादा, त्याची खाचरं उघाडीला सगळ्यात जवळ, तो येऊन म्हणाला, "पोरी, ह्या तुज्या पेटीपरीस पाळी बरी गो." बॅटरीही चटकन उतरली, एवढे फोन लावल्यावर दुसरं काय होणार?

आणि वैशाली चूक शोधायला बसली.

हे, हे ते वाईट. नसलेली चूक. पेणच्या त्या खोलीत, खाली मूर्तींना रंग चढत असताना, ती आपला प्रोग्रॅम ओळ-ओळ वाचत होती. एकेक तुकडा काढून तपासत होती. जेवण अर्धवट. केस विंचरलेले नाहीत. मध्येच मला विचारायची, "हरेश, हे बघ ना, इथे काही चुकतंय का?" आणि मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसायचो, चष्मा लावायचो, बघायचो. बघण्याचं नाटक करायचो! कित्येक दिवस. मी तोंड उघडून एक शब्द बोललो असतो— उधाण— तर तिने कपाळावर हात मारून घेतला असता आणि आम्ही दोघं हसत वडापाव खायला गेलो असतो. चिडली असती फार तर. मला शिव्या घातल्या असत्या. एका वडापावाइतकं सोपं होतं ते. मी नाही बोललो.

शेवटी तिला चूक सापडली. म्हणजे तिने ती मानून घेतली. तिच्या सॉफ्टवेअरने स्वतःहून जोडलेला वेळेच्या हिशोबाचा एक बारीक तुकडा होता, त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "हेच असणार. मी उगाच हट्ट केला. तुझं बरोबर होतं." आणि तिला हायसं वाटलेलं मी बघितलं. मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. लाज नंतर वाटली. तेव्हा तर मी जिंकलो होतो.

पुढच्या उधाणाच्या आत मी माझ्या प्रोग्रॅममध्ये गुपचूप एक थांबा घातला— एकदा ओल लागली म्हणून लगेच वाजू नये, जरा वाट बघावी. तिने तो बघितला तेव्हा मी म्हणालो, तुझ्या चाचणीवरून शिकलो. ती म्हणाली, "वा, हे मला सुचायला हवं होतं." आम्ही फुकटातल्या सॉफ्टवेअरने पेट्या बनवल्या, आमच्या उघाडीवर बसवली, शेजारच्या गावांतही दिल्या. चांगल्या चालल्या. गावाने पाळी बंद केली. त्या वर्षी माझ्या मुलाला बांधावर जावं लागलं नाही, याचा मला केवढा अभिमान वाटला होता.

मग चिप बंद झाली. वैशालीने म्हटलं होतं तसंच, अगदी शब्दाला शब्द. आधी मिळायला उशीर, मग दुकानदार म्हणाला आता यायचीच नाही, कंपनीने बनवणंच सोडलं. दुसऱ्या कंपनीच्या चिपा ढीगभर होत्या, पण आमचं फुकटातलं सॉफ्टवेअर त्यांच्याकडे ढुंकून बघायला तयार नव्हतं. मधल्या काळात प्रोग्रॅमही फुकटातल्यातच वाढलेला, त्यामुळे विकतचं घेतलं तरी सगळं पहिल्यापासून लिहायचं. आणि नेमकी त्याच वेळी आमच्या उघाडीवरची पेटी खाऱ्या हवेने सडून मेली. मी गावाला सांगितलं, "आठ दिवसांत नवी लावतो, पाळी नको सुरू करायला." आठ दिवसांत होणार नाही हे मला माहीत होतं. पण पाळी पुन्हा सुरू करा म्हणजे पेटी हरली म्हणा, आणि पेटी हरली तर का हरली असं कुणीतरी विचारणार. वैशाली म्हणत होती, "हरेश, तोवर पाळी लावायला सांग त्यांना." मी हो हो म्हणालो.

श्रावणातलं उधाण. आमच्याकडे मोठ्या उधाणाची भरती भर दुपारी येते. गणपतीचे दिवस जवळ, गावातल्या अर्ध्या बाया पेणला कारखान्यांत रंगकामाला गेलेल्या, पुरुष कुठे-कुठे. झडपेत ओंडका अडकला. कुणी बघायला नव्हतं. संध्याकाळी दामूदादा परत आला तेव्हा त्याच्या सगळ्या खाचरांत खाडी उभी होती. नुकतीच लावणी झालेला भात, हिरवागार. तो त्या पाण्यात उतरला, ओंजळीत घेतलं, चाखलं आणि थुंकला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

देवळात बैठक बसली. विचारलं, पेटी का नव्हती? वैशाली उभी राहिली. तिला कुणी उभं राहा म्हटलं नव्हतं, मालक म्हणून आम्ही दोघंही होतो. तिने सगळं सांगितलं— दोन सॉफ्टवेअर होती, एकाने आपण अडकणार नव्हतो, तिला तेच हवं होतं, पण तिचा प्रोग्रॅम चाचणीत कमी पडला म्हणून दुसरं घ्यावं लागलं. प्रामाणिकपणे सांगितलं, वेगळं वागणं तिला येतच नाही. दामूदादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंजे तुजंच काम कच्चं व्हतं गो. तुजं नीट असतं तर आज पेटी असती." हिशोब त्याचा बरोबर होता. आकडे मी दिलेले होते.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई बायकांच्यात बसली होती, तीही. मी उभा राहिलो. आणि काय म्हणालो माहितीये? म्हणालो, "जाऊ द्या दादा. डोंगराकडची पोर आहे, खाडी तिला नवीन. शिकेल. तिला माफ करा."

लोक म्हणाले, हरेशचं मन मोठं.

वैशालीने माझ्याकडे बघून मान हलवली— आभार मानले तिने माझे. आभार! त्या रात्री आईने मला जेवायला वाढलं आणि ताटासमोर बसली नाही, आत निघून गेली. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. मी तरी कुठे काढला?

वैशाली महिन्याभरात निघून गेली, रोह्याला पुन्हा नोकरीवर. मी अडवलं नाही. जाताना प्रोग्रॅम चिपमध्ये भरण्यासाठी तिने आणलेलं छोटं यंत्र, तारा, सगळं माझ्याकडे ठेवून गेली, म्हणाली तुला उपयोग होईल. नव्या चिपांसाठीचा प्रोग्रॅम मी पुढे लिहिला. कशात? विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये. शिकलो सावकाश, कुणी शेजारून बोट दाखवणारं नव्हतं. आज माझ्या पेट्या कुठल्याही चिपवर चालतात, धंदा बरा आहे. दामूदादाची जमीन गोडी झाली, भात देते. तो मला रस्त्यात भेटला की थांबतो, बोलतो. म्हणजे तसं बघितलं तर सगळं आपापल्या जागी आलं. एक सोडून.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. कधीमधी येतो, सणावाराला. तिचं लग्न होऊन आता बरीच वर्षं झाली, सासर कुंडलिका नदीच्या खाडीकडचं. मुलांचं विचारलं, आईच्या वर्षश्राद्धाचं विचारलं. मग म्हणाली, कंपनीत माझ्यावर एक काम आलंय, सॉफ्टवेअर निवडायचंय. तीच गंमत बघ, एक फुकट, त्या एका कंपनीपुरतं, आणि एक विकतचं, सगळ्यांना चालणारं. "माझं मन विकतच्याकडे जातं रे. पण माझ्या मनाचा काही भरवसा नाही, तुला माहितेय. तेव्हापासून मी माझ्या मनाचं कधी घेतच नाही."

मी हं म्हणालो.

मग म्हणाली, "सासूबाई परवा भांग-उधाणाचं काहीतरी सांगत होत्या. मला एकदम आठवलं. हरेश, माझी पेटी बसवली तेव्हा उपवास होता बघ माझा. काकींनी रताळी दिली होती. शिवरात्र होती का रे ती? काकी काहीतरी बोलल्याही होत्या, अमावस्येचं, आणि मी हसले होते. की ते दुसऱ्या कुठल्या वेळी?"

कॅलेंडर उघडून बघितलं असतं तर तिला कळलं असतं. पण वर्ष तिला नक्की आठवत नव्हतं, आणि तिने कॅलेंडरला नाही, मला विचारलं. तिच्या आवाजात संशय नव्हता हो. नुसती विचारत होती. मला वाटतं तिला थोडी आशा होती. इतक्या वर्षांनी स्वतःबद्दल थोडी आशा.

आणि माझं उत्तर तयार होतं. कधीपासून तयार होतं, कोण जाणे. जराही अडखळलो नाही. म्हणालो, "नाही गं. एकादशी होती. आई अमावस्येचं बोलली ते पावसाळ्यात, दुसऱ्या पेट्या बसवल्या तेव्हा."

फोनवर तिच्या मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"बरं," ती म्हणाली. "म्हणजे चूक माझीच होती. बरं झालं विचारलं, उगाच मनात यायला लागलं होतं." मग म्हणाली, "फुकटातलंच घेते मग. तुझ्यासारखं." आणि वहिनींना विचारलंय म्हणून सांग, असं म्हणून तिने फोन ठेवला.

एकादशी नव्हती. शिवरात्र होती. आईने रताळी उकडली होती, वैशाली ओट्याशी उभी राहून खात होती, आणि दुसऱ्या दिवशी अमावस्या होती.